पहिल्या जोराच्या पावसानंतर बोअरला मातकट पाणी येतं, तपासणीत ई. कोलाय निघाला. जुनी विहीर बुजवावी का?

माळावरचं_घर

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. आमच्याकडे सगळं पाणी बोअरचं, दुसरा काही सोर्स नाही. बोअर ७० मीटर खोल आहे, नऊ वर्षं झाली घेऊन. तिच्यापासून १२ मीटरवर जुनी दगडी बांधणीची विहीर आहे, ती आता कुणी वापरत नाही, कधीतरी झाडांना पाणी काढतो तेवढंच. गेली दोन वर्षं असं होतंय की पहिला जोराचा पाऊस झाला की दुसऱ्याच दिवशी नळाला मातकट पाणी येतं आणि हलका कुबट वास, मग दोन-तीन दिवसांत आपोआप निवळतं म्हणून आम्हीही फारसं मनावर घेतलं नाही. यंदा मात्र धाकट्याचं पोट आठवडाभर बिघडलं, पाठोपाठ सासूबाईंचं, आणि डॉक्टरांनी औषध द्यायच्या आधी पाणी तपासून आणा म्हणून सांगितलं.

रिपोर्ट असा आहे: ई. कोलाय आढळला, नायट्रेट ६२ मि.ग्रॅ. प्रतिलिटर, टीडीएस ५४०, फ्लोराइड ०.६.

आमच्या वरच्या अंगाला दोन वर्षांपूर्वी नवीन घर झालं, त्यांचा शोषखड्डा आमच्या बोअरपासून पावलांनी मोजला तर २५ मीटर भरतो. वेळ बरोबर जुळतेय, त्यामुळे घरात सगळ्यांना तेच कारण वाटतंय. पण शेजाऱ्यांशी संबंध चांगले आहेत आणि नुसत्या संशयावर बोलायला जाऊ नये असं मला वाटतं. कारण शोधायचं कसं? आणि घरचे म्हणतायत जुनी विहीर बुजवून टाकू म्हणजे घाण आत जायला नको, ते बरोबर आहे का?

कातळाखालचं_पाणी

ताई, भूजल सर्वेक्षणात वीसेक वर्षं काम केलंय म्हणून हक्काने लिहितो. आधी आजचं बघा. पिण्याचं पाणी खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट तसंच उकळू द्या आणि मगच वापरा, जंतूंसाठी तेवढं पुरतं. पण नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतं. घरात सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर त्याच्या वरच्या दुधासाठी हे पाणी अजिबात नको, दुसरीकडचं तपासलेलं पाणी आणा. तान्ह्या बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद नायट्रेटमुळे कमी होते, बाळ निळसर पडतं. विहिरीच्या पाण्याशी याचा संबंध १९४५ सालीच लक्षात आलाय.

आता कारण. बोअर ७० मीटर म्हणजे पाणी ७० मीटरवरून येतं असं बहुतेकांना वाटतं, तसं नसतं. वर माती, खाली मुरूम, त्याखाली कातळ, आणि कातळात पाणी असतं ते फक्त भेगांमध्ये. बोअर खाली जाताना ज्या ज्या भेगा कापत जाते त्या सगळ्यांचं पाणी तिच्यात उतरतं, त्यातली एखादी दहा मीटरवरही असू शकते. खोलवरचं पाणी तिथे पोचायला कित्येक महिने, कधी वर्षं लागलेली असतात, ते एका रात्रीत गढूळ होत नाही. तुमचं दुसऱ्याच दिवशी मातकट होतंय म्हणजे वरच्या पावसाच्या पाण्याला खाली जायला थेट वाट मिळालीय. मातीतून गाळून न जाता, सरळ.

म्हणून मी शोषखड्ड्यावर पहिलं बोट ठेवणार नाही. त्यातलं पाणी बारा महिने झिरपतं, त्यात माती नसते. तो निर्दोष आहे असंही म्हणत नाही, पाऊस पडला की जमिनीखालची पातळी वर चढते आणि खड्डा त्या पाण्यात बुडू शकतो. पण मातकट रंग हा जमिनीच्या वरच्या थराचा पुरावा आहे, तो आधी धरा.

अंतराचं विचारलं नाहीत पण सांगतो कारण सगळे त्यावरच भांडतात. १५ मीटर, ३० मीटर असे आकडे नियमात असतात, ते जाडसर माती गृहीत धरून. खरा प्रश्न मीटरचा नाही, दिवसांचा आहे. जर्मनीत पिण्याच्या विहिरीभोवतीचा आतला संरक्षित पट्टा ठरवताना पाण्याला विहिरीपर्यंत यायला ५० दिवस लागतील अशी रेषा आखतात, कारण तेवढ्या काळात रोगजंतू बहुतांशी मरतात. वाळूत पाणी दिवसाला काही सेंटीमीटर ते मीटरभर सरकतं, भेगांच्या खडकात तेच दिवसाला दहा-वीस मीटर किंवा त्याहूनही जास्त पळतं. मग २५ मीटर म्हणजे एका ठिकाणी पुरेसं, दुसऱ्या ठिकाणी काहीच नाही. कॅनडात वॉकरटन गावी मे २००० मध्ये हेच झालं, उथळ विहीर, भेगाळलेला चुनखडक, जवळच्या शेतातलं शेणखत आणि जोराचा पाऊस, त्यात क्लोरीनही नीट दिला जात नव्हता. ७ माणसं गेली आणि २ हजारांवर आजारी पडली. ज्या शेतकऱ्याचं खत होतं त्याने ते रीतसरच वापरलं होतं, म्हणजे त्याची काही चूकही नव्हती.

ताई, दोन गोष्टी करून इथे कळवा. एक, बोअरच्या तोंडाशी काय आहे ते बारकाईने बघा, केसिंग (बोअरच्या वरच्या भागात बसवलेला पाइप) जमिनीच्या किती वर आहे, भोवती पाणी साचतं का, झाकण कसं आहे. दुसरं, मोटर रात्रभर बंद ठेवून सकाळी जुन्या विहिरीची पातळी मोजा, मग मोटर सलग तीन तास चालवा आणि परत मोजा.

रानजाई

ताई तुमचं वाचून अंगावर काटा आला, अगदी हेच आमच्याकडे झालं होतं, आम्ही वर्षभर टाकी धुतोय, पाइप बदलतोय, फिल्टर बदलतोय, आणि दोष निघाला केसिंगमध्ये. एक सोपी युक्ती सांगते. भर दुपारी लख्ख ऊन असताना मोटरवाल्याकडून बोअरचं झाकण काढून घ्या (मेन स्विच बंद करूनच), आणि घरातला साधा हातातला आरसा घेऊन उन्हाचा कवडसा सरळ बोअरमध्ये पाडा. आरसा जरा जरा हलवत राहायचं. प्रकाश खूप खोलपर्यंत जातो, बॅटरीपेक्षा कितीतरी छान दिसतं. आम्हाला तीन-साडेतीन मीटरवर केसिंगच्या जोडावर एक काळपट ओली रेघ दिसली आणि तिथून खाली तपकिरी ओघळ, बाकी सगळा पाइप कोरडा. मग कान लावला तर टप टप आवाज, मोटर बंद असताना! तेव्हा कळलं.

आणखी एक, बोअर मारतात तेव्हा भोक केसिंगपेक्षा मोठं असतं. पाइप आणि माती यांच्यामध्ये जी पोकळ कड राहते ती सिमेंट किंवा बेंटोनाइट मातीने भरायची असते. आमच्या वेळी त्यात नुसता खोदताना निघालेला चुरा ढकलला होता. म्हणजे बाहेरून खालपर्यंत सरळ पन्हळच की! आणि आमचा कपडे धुवायचा दगड बोअरपासून दोन हातांवर होता, साबणाचं पाणी रोज तिथेच मुरायचं. आपण स्वतःच घालत होतो आपल्या पाण्यात, हे कळल्यावर फार वाईट वाटलं.

सरळ_उत्तर

एवढं सगळं कशाला, चांगला आरओ आणि यूव्ही असलेला फिल्टर लावा, विषय संपला. आमच्याकडे तसंच आहे, सहा वर्षांत काही त्रास नाही.

निळी_बाटली

दादा, फिल्टर वाईट नाही पण त्याने विषय संपत नाही. पाणी तपासायचं काम करते म्हणून सांगते. यूव्हीने जंतू मरतात पण पाणी गढूळ असेल तर जंतू कणांच्या आडोशाला राहतात, म्हणजे नेमकं ज्या दिवशी गरज असते त्या दिवशी तो कमी पडतो. आणि यूव्ही असो की कार्बन फिल्टर, नायट्रेटला ते हातच लावत नाहीत, त्याला आरओ किंवा आयन एक्स्चेंज लागतं. शिवाय मुलं आंघोळीला, दात घासायला, बागेच्या नळाला तेच पाणी तोंडात घेतात. मूळ वाट बंद केली नाही तर दरवर्षी नवीन काहीतरी त्या वाटेने येणार.

ताई, रिपोर्टवर नायट्रेटपुढे नेमकं काय छापलंय ते बघा. काही लॅब 'नायट्रेट' म्हणून देतात तर काही 'नायट्रेट नायट्रोजन' म्हणून, आणि दुसऱ्या आकड्याला ४.४३ ने गुणल्यावर पहिला येतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा नायट्रेट म्हणून ५० मि.ग्रॅ. आहे, तीच नायट्रोजन म्हणून ११ च्या आसपास. हा गोंधळ मी फार वेळा पाहिलाय, १२ वाचून लोक निश्चिंत होतात आणि प्रत्यक्षात ते ५३ असतं. तुमचं ६२ नायट्रेट म्हणूनच असेल तर मर्यादेच्या वर आहे पण हाताबाहेर नाही. ई. कोलायला मात्र सवलत नाही, १०० मिलीत एकही नको. तो स्वतः दरवेळी आजार करतोच असं नाही, पण तो सापडला म्हणजे माणसाची किंवा जनावराची विष्ठा पाण्यापर्यंत ताजी ताजी पोचलीय.

पुढचं सॅम्पल घेताना पहिल्या मोठ्या पावसानंतर लगेच एक घ्या आणि कोरड्या दिवसांत एक, दोन्ही शेजारी ठेवून बघितलं की निम्मं उत्तर मिळतं. जंतू तपासणीची बाटली लॅबकडूनच घ्यायची आणि ती विसळायची नाही, आत क्लोरीन मारणारं औषध घातलेलं असतं. नळाची जाळी काढा, तोंड स्वच्छ करा, दोन-तीन मिनिटं धार सोडा, मग भरा. बर्फाच्या डब्यात ठेवून शक्यतो सहा तासांत पोचवा. क्लोराइडही तपासून घ्या, नायट्रेटबरोबर क्लोराइड चढलेलं असेल तर सांडपाण्याचा किंवा जनावरांच्या मलमूत्राचा संशय जास्त.

माळावरचं_घर

सगळ्यांचे मनापासून आभार, तीन दिवसांत जेवढं करता आलं तेवढं केलं. रिपोर्टवर 'नायट्रेट' असंच आहे, म्हणजे ६२ खरे.

बोअरचं तोंड बघून मलाच लाज वाटली. नऊ वर्षांत अंगणात भर पडत गेली त्यामुळे केसिंग जमिनीच्या जेमतेम चार बोटं वर उरलंय, आणि भोवती बशीसारखा खळगा. झाकण म्हणजे पत्र्याचा तुकडा आणि त्यावर दगड, केबल जाते तिथे बोट जाईल एवढी फट. आरशाने बघितलं. रानजाईताई, तुम्ही म्हणालात तशीच रेघ, साधारण चार मीटरवर, पहिल्या जोडाला. मुलाने घमेलंभर पाणी खळग्यात ओतलं आणि पाच-सहा मिनिटांनी त्या रेघेतून पाणी झिरपताना आम्ही दोघांनी डोळ्यांनी पाहिलं. तो म्हणाला आई हे तर आपण रोज पितोय.

विहिरीची पातळी मोटर चालवायच्या आधी कठड्यापासून ६ मीटर ४२ होती, तीन तासांनी ६ मीटर ५३. म्हणजे ११ सेंटीमीटर उतरली. याचा अर्थ काय धरायचा? विहिरीच्या बांधकामाचे दोन दगड निखळलेत आणि एका बाजूने पावसाचा ओघळ आत जातो. आणि हो, आमचा स्वतःचा शेणखताचा ढीग विहिरीपासून सहा मीटरवर आहे, ही गोष्ट मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिलीच नाही कारण ती कधी डोक्यातच आली नाही.

कातळाखालचं_पाणी

ताई, शाबास, इतकं नेमकं मोजमाप सहसा कुणी करत नाही. ११ सेंटीमीटरचा अर्थ असा की विहीर आणि बोअर एकमेकींशी जोडलेल्या आहेत. मोटर चालते तेव्हा बोअरभोवती पाण्याची पातळी नरसाळ्यासारखी खाली जाते आणि आजूबाजूचं पाणी तिच्याकडे ओढलं जातं, कधी कधी तर उताराच्या उलट दिशेनेही. तेव्हा विहिरीत जे पडेल ते काही काळाने तुमच्या नळाला येणार. वापरात नसलेली विहीर म्हणजे बंद पडलेली गोष्ट नव्हे, जमिनीखालच्या पाण्याला उघडं तोंड आहे ते.

लंडनमध्ये १८५४ साली ब्रॉड स्ट्रीटच्या पंपामुळे कॉलरा पसरला, जॉन स्नो यांनी तो पंप शोधून काढला हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण नंतर खणून बघितलं तेव्हा त्या विहिरीपासून एक मीटरपेक्षाही कमी अंतरावर घरातला मैल्याचा खड्डा निघाला, आणि त्याचं विटांचं बांधकाम कुजून ढिलं झालेलं होतं. तुमचे निखळलेले दोन दगड वाचून मला तेच आठवलं.

पण बुजवू नका, निदान दगडमाती, राडारोडा टाकून तर मुळीच नाही. त्याने घाण जायची वाट बंद होत नाही, पोकळ भरावातून पाणी झरतच राहतं आणि वर टाकलेलं सगळं पाण्यात कायमचं बसतं. बंदच करायची तर स्वच्छ वाळू-खडी आणि वर चिकणमाती किंवा सिमेंटचा घट्ट थर, असं थरांनी करावं लागतं. त्यापेक्षा दगड बसवून वरच्या तीनेक मीटरला आतून सिमेंट करा, कठडा उंच करा, भोवती बाहेरच्या बाजूला उतार असलेला ओटा, वर जाळी आणि झाकण. मग तीच विहीर तुमचं मोजमापाचं साधन होईल. आत उतरायचं काम माहितगारालाच द्या, बंद विहिरीत प्राणवायू कमी असू शकतो, माणूस खाली पोचायच्या आधी बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला उतरलेलाही. हे मी डोळ्यांनी बघितलंय म्हणून कळकळीने सांगतो.

बोअरला बाहेरून वरवर सिमेंट लावून चार मीटरवरचा जोड बंद होणार नाही. आतून कमी व्यासाचा दुसरा पाइप पक्क्या खडकापर्यंत उतरवून दोन पाइपांमधली जागा भरून घ्यावी लागेल. केसिंग जमिनीपासून निदान ३० सेंटीमीटर वर, रबर सीलचं झाकण, केबलची फट बंद. खळगा भरून बाहेर उतार.

मग एकदा क्लोरीन. १५० मि.मी. बोअरमध्ये एका मीटरला साधारण १८ लिटर पाणी असतं. ५० मीटर पाणी उभं असेल तर ९०० लिटर. लिटरला ५० मि.ग्रॅ. क्लोरीन हवा, म्हणजे ४५ ग्रॅम, म्हणजे ५ टक्क्यांचं, सुगंध न घातलेलं सोडियम हायपोक्लोराइट (क्लोरीनचं द्रावण) ९०० मिली. बादलीभर पाण्यात मिसळून ओता, घरातला प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा (आरओ आधी बायपास करा), बारा तास कुणीही वापरायचं नाही, मग वास जाईपर्यंत उपसा. ते पाणी सेप्टिक टँकमध्ये सोडू नका, तिथले कामाचे जंतू मरतात. आणि पाइप दुरुस्त व्हायच्या आधी हे केलं तर पुढच्या पावसात परत पहिल्यापासून.

खताचा ढीग उताराच्या खालच्या अंगाला, पक्क्या फरशीवर आणि आडोशाला हलवा. नायट्रेट लगेच उतरणार नाही हे मनाशी धरून ठेवा, जमिनीत जे मुरलंय ते निघायला वर्षं लागतात.

रानजाई

एकच जोडते, आता विहिरीची पातळी मोजलीच आहे तर वही घाला ताई. महिन्यातून दोनदा, सकाळी मोटर लावायच्या आधी, कठड्यावर एकच खूण ठरवून तिथूनच मोजायचं. टेपला वजन बांधा, टोकाच्या मीटरभर भागाला खडू फासा, भिजलेली रेघ स्पष्ट दिसते. टेप आधी क्लोरीनच्या पाण्याने पुसून घ्यायचा. आमच्या वहीला पाच वर्षं झाली, पाणी कमी पडणार हे आम्हाला आता दोन महिने आधी कळतं.

निळी_बाटली

आणि छताचं पाणी बोअरमध्ये सोडायचा विचार पुढे मनात आला तर थेट नको. पहिल्या पावसाचं पाणी बाहेर काढायचं, कारण छतावरची पक्ष्यांची विष्ठा आणि धूळ त्यातच असते, नंतरचं गाळखड्ड्यातून जमिनीत मुरवायचं, पिण्याच्या बोअरपासून लांब. अंगणातलं किंवा रस्त्यावरचं पाणी तर कधीच नको. माती जे फुकट करून देते ते काम आपण पाइप घालून टाळतो आणि मग औषधं घेत बसतो.

माळावरचं_घर

चार महिन्यांनी येतेय, उशिराबद्दल माफी. आतला पाइप १८ मीटरपर्यंत बसला, तोंड वर घेतलं, ओटा झाला, विहिरीचे दगडही बसले. ढीग हलवला. मध्ये दोन मोठे पाऊस होऊन गेले, पाणी एकदाही मातकट झालं नाही. जंतूंची दोन सॅम्पल लागोपाठ साफ आली, दुसरं तर मुद्दाम पावसाच्या दुसऱ्या दिवशी घेतलं होतं. नायट्रेट ५८. क्लोराइडही जरा जास्तच आहे. म्हणून आरओ पिण्यापुरता लावलाय.

शेजाऱ्यांना रिपोर्ट दाखवला, आधी आमचा ढीग, आमचा पाइप, सगळं सांगितलं आणि मग शोषखड्ड्याचं काढलं. त्यांच्याच बोअरचं पाणी कधी तपासलं नव्हतं, त्यांनीही दुसऱ्या दिवशी बाटली आणली. त्यांचं नायट्रेट ७१ निघालं. आता त्यांच्या संडासात हिरवा फ्लुरोसीन रंग टाकून आमच्या विहिरीत आणि दोन्ही बोअरमध्ये येतो का ते बघायचं ठरलंय, पाऊस उघडला की. कातळदादा, रंग दिसला नाही तर शोषखड्डा निर्दोष असं धरायचं का, आणि किती दिवस बघत राहायचं?

कातळाखालचं_पाणी

नाही धरायचं ताई. दिसला तर पक्का पुरावा, नाही दिसला तर एवढंच की तो अजून पोचला नाही किंवा पातळ होऊन गेला. निदान सहा आठवडे रोज एक पारदर्शक बाटली भरून तारीख टाका आणि अंधारात ठेवत जा, उन्हाने रंग विरतो. रंग टाकायच्या आधीच्या दोन बाटल्या वेगळ्या काढून ठेवा, तुलनेला लागतील. आणि त्यांच्या बोअरचं तोंड आरशाने बघितलंत का?